न हलवायची बाटली

पाटोद्यात स्टँडच्या मागं माझं पंक्चरचं दुकान हाय. डोक्यानं गरम मिस्त्री म्हणून गाव मला ओळखतं, आणि ते खोटं न्हाई. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "किती वेळ?" म्हणलं की मी पाना खाली टाकून चहाला जातो. हात मात्र कधी गप बसत न्हाई. काम नसलं तर एखादा नटच बोटात फिरवत बसतो.

आठवा महिना लागला न लागला तोच पोरगी झाली. बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळ्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. मी सिस्टरवर ओरडलो, "एवढी हवा मारताय, मग छाती फुगत कावून न्हाई?"

डॉक्टर मॅडमनं मला बाजूला घेऊन समजावलं. फुप्फुसात मोहरीहून बारीक फुगे असतात. ते आतून ओले असतात, आणि त्या ओलीनंच ते मिटू बघतात. म्हणून शरीर त्यांना आतून एक पातळ थर देतं, फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीचा. तिच्या कणाचं डोकं पाण्याला धरतं, शेपट्या पाण्यापासून पळतात. त्यामुळं ती ओलीवर पसरते आणि फुगे मिटू देत न्हाई. हा थर शेवटच्या महिन्यांत तयार होतो. पोरगी घाईनं आली, थर मागं राहिला.

"म्हणजे मॅडम, ट्यूबला पावडर लागली न्हाई," मी म्हणलं. "पावडर?" त्यांनी विचारलं. मग मीच सांगितलं. घडी करून ठेवलेल्या ट्यूबचं रबर रबराला चिकटतं, मग कितीबी हवा मारा, फुगत न्हाई. म्हणून आमी आधी पांढरी पावडर चोळतो.

"अगदी तसंच," मॅडम म्हणल्या. "तो थर बाटलीत मिळतो, नळीतून सोडायचा. पण जनावराच्या फुप्फुसातून काढलेला असतो. चालेल का तुम्हाला?"

दाराशी माझी अम्मी बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "जीव वाचवायला सगळं चालतं. जा बेटा, घेऊन ये."

बाटली एकाच मेडिकलच्या फ्रिजात होती. थर्माकोलच्या डब्यात घातली, गाडीला किक मारली आणि आलो. दारात डबा उघडला तर पांढरं औषध तळाशी बसलेलं. बसलेलं दिसलं की हलवायचं, ही आमच्या हाताची खोड. रंग असो नाहीतर फवारणीचं औषध. मी बाटली धरली आणि दणादणा हलवली.

"अहो भाऊ, काय केलंत!" सिस्टर किंचाळल्या. आत सगळा फेस. "ही हलवायची नसते! फेसच आत गेला तर औषध पोचणार कसं?"

दुसरी बाटली थेट संभाजीनगरहून यायची, आणि पोरीला तेवढा वेळ नव्हता. स्वतःच्या हातानं लेक मारली, असं वाटलं.

मॅडमनं बाटली उजेडात धरली. "स्थिर राहिली तर बसेल फेस. अंगच्या उबेनं कोमट करायचीच आहे. हात धुवा आणि मुठीत धरा. हलायचं नाही."

मी तीनदा साबण लावला, तरी नखातलं काळं गेलं न्हाई. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मूठ छातीवर धरली. खिशात फोन वाजायला लागला. खालच्या वॉर्डातून बायको करत होती, पोरीचं विचारायला. उचलला न्हाई. नाक खाजलं, खाजू दिलं. मनात म्हणलं, आज हात हलला तर पुन्हा पान्याला हात लावणार न्हाई. दहा मिनिटं असतील. माझ्या आयुष्यात एवढी लांब दहा मिनिटं आली न्हाईत.

सिस्टरनं मूठ उघडली, बाटली अलगद कलती केली. फेस बसला होता.

काचेतून बघत होतो. औषध थोडं थोडं आत गेलं. लगेच काही झालं न्हाई. मग हळूहळू बरगड्यांखालचा खड्डा भरत आला. तिसऱ्या दिवशी नळी काढली, पोरीचा आवाज पहिल्यांदा फुटला, आणि मी जिना उतरून बायकोकडं पळालो.

"रडायली!"

"खरंच रडायली?"

"लई रडायली!" आणि आमी दोघंबी रडायला लागलो.

पुढं मॅडमनं सांगितलं, अंगातल्या प्रत्येक पेशीचं आवरण ह्याच चरबीचं असतं. अंड्याच्या पिवळ्यात ती असते, सोयाबीनमध्ये असते. काही औषधं तर हिच्याच बारीक फुग्यांत भरून देतात. एवढे दिवस सोयाबीनचे ट्रॅक्टर माझ्या दारात पंक्चर काढायला येत होते, आणि मला पत्ता न्हाई.

पोरगी आता चार वर्षांची हाय, आणि माझ्यासारखीच तापट. परवा खोकला झाला. औषधावर लिहिलं होतं, हलवून द्या. बाटली हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. हात हलेना. बायकोनं ती माझ्या मुठीतून सोडवली आणि हलवली.