गाडीपुरतं अर्थिंग

माझ्या मावशीला घरात सगळे भागूबाई म्हणतात. हे नाव काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानंच, ठेवलं. कारण एवढंच, की ती फ्रिज उघडताना रबरी चप्पल घालून लाकडी फळीवर उभी राहते आणि दांड्याला कोरडं फडकं गुंडाळते. "चावतो मेला," म्हणते. शिलाई मशीनची मोटारही तिनं अशीच काढून टाकली. लोकांचे कपडे शिवते आणि दिवसभर पायानं मशीन चालवते. गुडघे कुरकुरतात, पण गुडघे परवडले, असं तिचं म्हणणं.

काका तिची फिरकी घेण्यात पटाईत. "अगं, तुझ्याच अंगात करंट आहे," असं चारचौघांत म्हणायचे. "मग मला कसा नाही बसत शॉक?" हा त्यांचा हुकमाचा एक्का. एकदा वायरमनलाही बोलावलं होतं. त्यानं जाड बुटांनिशी येऊन फ्रिजवर थाप मारली, "काही नाही हो," म्हणाला आणि गेला. झालं! त्या दिवसापासून मावशीनं तो विषय काढला नाही.

फ्रिजला मात्र ती कोणाला हात लावू द्यायची नाही. पाणी मागितलं, की कुठूनही धावत येणार, "थांब, मी देते." माझी आई हसून म्हणायची, ताईचा सगळा जीव त्या फ्रिजात आहे.

निवृत्त झाल्यावर काकांनी विजेवरची गाडी घ्यायचं मनावर घेतलं. गाडी बुक झाली आणि माणूस विशीतला झाला. अंगणात टेप लावून मोजमापं, भिंतीवर खडूनं चार्जरचा चौकोन, गाडीला ऊन लागू नये म्हणून पत्र्याचं छप्पर. रोज संध्याकाळी ते त्या रिकाम्या जागेपुढे खुर्ची टाकून बसायचे.

गाडी यायच्या आधी कंपनीचा माणूस चार्जर बसवायला आला. त्यानं आपला मीटर एका सॉकेटला लावला. लाल दिवा. दुसऱ्याला लावला, तिथंही लाल.

"काका, तुमच्या घराला अर्थिंगच नाही," तो म्हणाला. "तिसरी वायर आहे, पण ती जमिनीत कुठं गेलेलीच नाही. असल्या लाइनवर आमचा चार्जर सुरूच होत नाही. घरात कोणाला शॉक बसतो का?"

"छे, छे!" काका म्हणाले.

"मला बसतो," मावशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"आणि बाकी कोणाला?"

"बाकी कोणाला मी हात लावू देते का?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं ही बाई आमच्या आणि त्या फ्रिजच्या मध्ये उभी होती, आणि आम्ही हसत होतो. काकांना शॉक बसणार कसा? त्यांना पाणी हातात लागतं!

त्या माणसानं फ्रिजला मीटर लावून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे धोक्याचं आहे. आधी करून घ्या. घरातलं काम आमच्याकडे नाही, पण भिंती फोडून नवी वायर घालावी लागेल."

काकांचाही चेहरा पडला. मला वाटलं, सुटली मावशी एकदाची.

"पण गाडी आठ दिवसांवर आली!" काका म्हणाले. "गाडीपुरतं होईल ना?"

गाडीपुरतं झालं. घराच्या वीजमीटरपासून वेगळी लाइन ओढली, अंगणात खोल खड्डा घेतला, त्यात पाइप, कोळसा, मीठ. ओल टिकली पाहिजे म्हणून काका रोज सकाळी स्वतः बादली नेऊन त्यात पाणी ओततात.

मी भांडले. मला गप्प बसता येत नाही. "काका, खड्डा झालाच आहे, तर घरही जोडून घ्या की."

"आत्ता तर रंग दिलाय. भिंती फोडू? बघू पुढं. आणि तिला काय, सवय आहे."

मी पुष्कळ बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मावशीनंच मला हाताला धरून आत नेलं.

"राहू दे गं. मी खोटं बोलत नव्हते, एवढं तरी कळलं."

"कोणाला कळलं?"

"त्या चार्जरला," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

गाडी आली तेव्हा शेजारीपाजारी जमले. काकांनी प्लग लावला, हिरवा दिवा लागला, टाळ्या पडल्या. "चार्जर एवढा हुशार, घराला अर्थिंग नाही हे एका मिनिटात ओळखलं!" काका सगळ्यांना सांगत होते. मावशी मागून आली. तिनं आधी गाडीला हाताची मागची बाजू जेमतेम टेकवली. मग अख्खा तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात माझी लेक तहानली म्हणून अनवाणी आत पळाली.

"थांब! मी देते!" मावशी ओरडली आणि गाडीवरचा हात काढून धावली.

"बघा, भागूबाई आणि तिचा फ्रिज!" काका म्हणाले. सगळे हसले.

मी तिच्यामागे आत गेले. मावशी चप्पल घालून फळीवर चढली होती, दांड्याला फडकं गुंडाळत होती. दुसऱ्या हातानं तिनं पोरीला मागं लोटून धरलं होतं. मी पोरीला कडेवर उचलून घेतलं. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.