सात खडे आणि एक चूळ

फ्रान्सच्या दक्षिणेला चुनखडीच्या एका कड्याखालून ती नदी निघते. सगळं झऱ्याचं पाणी. तळातल्या गवताची पाती न् पाती वेगळी दिसते. लोक पुलावर उभे राहून फोटो काढत होते. मला ते पाणी पहिल्यापासूनच आवडलं नाही. ज्या पाण्यात हात घातला की पुलावरच्या माणसालाही मुठीत काय आहे ते दिसतं, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

आणि मी तिथे मजा करायला गेलेच नव्हते. मला गौर आणायची होती.

आमच्या सासरी खड्यांच्या गौरी असतात. घरच्या बाईने पाणवठ्यावरून सात खडे उचलायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि चकार शब्द न बोलता ते घरी आणायचे. आमच्या इथे, नेदरलँड्सच्या कालव्यांत खडे नसतात, गाळ असतो. म्हणून न्यूनेनला राहणारी माझी थोरली जाऊ बागकामाच्या दुकानातल्या पिशवीतले पांढरे खडे नळाखाली धरते आणि त्यांना गौर म्हणते. अकरा वर्षं गौरी तिच्याकडेच. नैवेद्याचं घावन-घाटलं मात्र डीमनच्या माझ्या घरून मी करून नेते. मी नेदरलँड्सला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. घरातून चार डबे देत सुरुवात केली, आज डब्यांचं माझं स्वतःचं किचन आहे. पण तिच्या हॉलमध्ये कुणी विचारलं, "घाटलं कुणी केलं हो?" तर ती म्हणते, "आमच्याकडे एक जण देते करून." एक जण! मी तिथेच वाढत असते.

म्हणून यंदा सासूबाईंना फोनवर धरलं. तासभर घासाघीस केली. शेवटी त्या म्हणाल्या, "जी खऱ्या नदीचे खडे आणेल तिच्या घरी गौर. पण मुक्याने हं. डीमनपर्यंत नाही जमायचं, निदान गाडीपर्यंत तरी." हाच निरोप त्यांनी थोरलीलाही दिला. दोन्ही घरांची उन्हाळ्याची सुट्टी एकत्रच ठरली होती. जाऊ म्हणाली, "मला नाही बाई त्या बर्फाच्या पाण्यात उतरायचं." मला वाटलं, हरली.

नवरे आणि मुलं पार्किंगमध्ये सँडविच खात होती. मी नदीत उतरले. घोटे बधिर झाले. सात गोल खडे निवडून रुमालात बांधले, चूळ भरली आणि मान वर केली, तर जाऊ तिथल्या चौकीपाशी उभी होती. तिचं बोट माझ्याकडे होतं.

चौकीतून पिकल्या केसांची एक पहारेकरीण आली. तिने काठावरचा फलक दाखवला: दगडाचं चित्र, त्यावर लाल फुली. मग माझा रुमाल दाखवला. मान हलवली.

तिच्या मागून जाऊ आली, आवाजात साखर घोळून. "अगं, इथून दगड न्यायला बंदी आहे म्हणे. सांग ना त्यांना, पूजेला हवेत म्हणून. बोल! एरवी तर दुसऱ्याला बोलू देत नाहीस."

तिला पक्कं ठाऊक होतं, तोंड उघडलं की गौर गेली. माझं डोकं इतकं तापलं की तोंडातलं पाणीही कोमट झालं. पण बाजारात अर्धा सौदा गप्प राहूनच होतो. मी दोन खडे पाण्यात टाकले, पाच बोटं दाखवली. नाही. आणखी दोन टाकले. तीन बोटं. नाही. शेवटी एकच बोट वर केलं. पहारेकरणीने माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. दाढ दुखतेय असं वाटलं असेल. तिने माझी मूठ मिटवली आणि पाठ फिरवली.

"एका खड्याची गौर होत नाही हं," जाऊ म्हणाली. पार्किंगपर्यंत ती माझ्या बाजूने चालत राहिली. "बसवणार तरी कुठे होतीस तुझ्या फ्लॅटमध्ये? फ्रीजवर?"

गाडीला हात लावला आणि मी चूळ तिच्या चपलांशेजारी टाकली.

"वहिनी, तुम्हाला चुगली करण्यापुरतं फ्रेंच येतं, हे माहीत नव्हतं."

"काहीतरीच! मी टॉयलेट विचारायला गेले होते."

"नदीत? बोट तर माझ्याकडे होतं."

संध्याकाळी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर खडा पाहिला. "पाच तरी लागतात गं. राहू दे यंदा थोरलीकडेच." जाऊ पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं हसली.

गौरींच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. "घाटलं किती आणतेयस? चाळीस बायका येणार आहेत. हॅलो?"

तो एक खडा माझ्या ओट्यावरच होता. मी पेल्यातलं पाणी तोंडभर घेतलं आणि फोन कानाला लावून उभी राहिले.

"हॅलो? अगं, ऐकू येतंय ना?"