बाल्कनीखालची खाच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तशी गोष्ट एवढीशी, बोटभर रुंदीची. मग आठ वर्षं घशात का अडकून बसलीय?

म्हैसूरला, विजयनगर भागात आम्ही घर बांधलं. कंत्राटदार बघेल, तू लुडबुड करू नकोस, असं नवरा म्हणत होता. मी केलीच. गवंडी होते नागोजीराव, तिथल्याच जुन्या मराठी घराण्यातले. वडिलांच्या वयाचे, पण मला अक्का म्हणायचे. घरात मराठी बोलणारं गिऱ्हाईक मिळालं म्हणून खूश असायचे.

वरच्या बाल्कनीच्या कडेला, खालच्या अंगाने, त्यांनी एक खाच ठेवली होती. मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. विचारायचं ना? नाही विचारलं. ते दुसऱ्या कामावर गेले आणि मी रंगाऱ्याकडून ती पुट्टीने बुजवून घेतली. कड कशी छान गुळगुळीत दिसू लागली.

मग वाऱ्याचा पाऊस आला. पाणी बाल्कनीच्या पोटाला चिकटून आत सरकलं आणि खिडकीवरून हॉलच्या भिंतीत उतरलं. नवरा कुठूनसं विचारून आला — पाणी तोडायला कडेखाली खाच लागते म्हणे. त्याने नागोजीरावांना बोलावून जाब विचारला. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं — नाही का?

"ठेवलो होतो की," ते म्हणाले. मग त्या गुळगुळीत कडेकडे बघत राहिले. "विसरलो असेन. वय झालं, अल्वा?" कानडीतलं 'नाही का' त्यांच्या मराठीत असंच यायचं.

मी चहा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ते छिन्नी घेऊन आले. नवरा ऑफिसात होता. पहिल्याच घावाला पुट्टी गळाली आणि आतून त्यांचीच खाच निघाली, सरळ, जशीच्या तशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने? नाही, तसं नव्हतं. मग कसं? आजही मला नीट सांगता येत नाही. खाली पडलेले तुकडे त्यांनी घमेल्यात गोळा केले आणि जाताना बरोबर नेले. नवऱ्याला फोनवर सांगितलं, खाच पाडली, चूक माझीच होती.

इथवर मी नुसती भित्री होते, असं म्हणता येईल. पण पुढचं काय होतं?

पुढच्या पावसाळ्यात समोरच्या बाईंनी घर बांधायला काढलं. नागोजीरावांना काम द्यावं का, हे विचारायला त्या मुद्दाम माझ्याकडे आल्या. नवरा घरात नव्हता. मला कुणी पकडणार नव्हतं. बाहेर वाऱ्याचाच पाऊस होता. थेंब खाचेपाशी येऊन सुटत होते, पडत होते. मला दिसत होतं सगळं.

"चांगले आहेत," मी म्हणाले. "पण आता विसरतात हो."

काम दुसऱ्याला गेलं. नागोजीराव पुन्हा आमच्या गल्लीत दिसले नाहीत. आमची भिंत अजून कोरडी आहे.