आवक कोणाची

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नसेल तरी सांगते. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि भंडाऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. माझे बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये फिटर आहेत. ते चौथीपर्यंत शिकले, पण मिलमधला कोणता पट्टा तुटायला आला आहे हे ते नुसत्या आवाजावरून सांगतात. मला ते अजून जमत नाही.

त्या मिलच्या मागच्या शेडमध्ये एक छोटी लाल स्पोर्ट्स कार उभी असायची. दोनच सीट, वरचं छत उघडणारं, आणि इतकी खाली की आत बसलं की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटावं. मिलच्या शेठच्या थोरल्या भावाने हौसेने घेतली होती. पुढे तो मुलाकडे राहायला गेला, गाडीचं इंजिन जाम झालं आणि तिच्यावर बारदाना रचला गेला. मी शाळेत असताना बाबांचा डबा घेऊन जायची, तेव्हा पोती सरकवून स्टिअरिंगला एकदा हात लावूनच परत यायची.

मला नोकरी लागल्यानंतर शेठने ती शेड रिकामी करायला काढली. दिवाळी झाली की नवीन धान येतं आणि मिलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. गाडी भंगारात जाणार, असं बाबांनी जेवताना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभी.

"शेठ, गाडी मले द्या. मी चालू करते."

"काय चालू करशीन? इंजन तं मेलं तिचं."

"दुसरं टाकते. वरून ब्लोअर बी बसवते."

हे ब्लोअरचं मी कशाला बोलले, तर बोलायची हौस. मिलमध्ये कोंडा नळीतून पुढे ढकलायला ब्लोअर असतो. लोखंडी पोटात दोन पाती एकमेकांत गुंतून फिरतात, एका तोंडाने हवा घेतात आणि दुसऱ्याने फेकतात. शर्यतीच्या गाड्यांत हेच यंत्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा गेली की जास्त पेट्रोल जळतं आणि जास्त जोर मिळतो. तिथं त्याला सुपरचार्जर म्हणतात. कॉलेजात सरांनी फळ्यावर त्याचं चित्र काढलं तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटी हसले होते. ही वस्तू मी परकरात असल्यापासून ओळखत होते.

शेठने चहाचा कप खाली ठेवला. "कोंडा फेकनाऱ्या मशिनवर गाडी चालवशीन? बरं. ब्लोअर लावून पटांगनाले एक चक्कर मारून दाखव. गाडी तुही. नवीन धान यायच्या आधी झालं पाह्यजे. नाई तं भंगारवाला हायेच."

"अन् ब्लोअर नाई लावला तं?"

"तं मंग बोललीस कायले?"

घरी येताना बाबा सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होते. "बोलायचं तेवढं तू बोलून आली," ते म्हणाले, "आता हात काळे माहे बी होनार." पण शिटी वाजवत होते.

इंजिन बपेऱ्याहून आलं. तिथल्या एका धान व्यापाऱ्याची कार एका ट्रकने मागून चेपली होती, पुढचा भाग मात्र शाबूत होता. इंजिन छोट्या गाडीत बसवायचं म्हणजे नुसतं उचलून ठेवायचं नसतं. ते ज्या खुंट्यांवर बसतं त्या नवीन कराव्या लागतात, गिअरबॉक्सशी भोकं जुळत नाहीत म्हणून मध्ये जाड पत्रा घालावा लागतो. मी व्हर्निअरने मोजत होते, बाबा सुतळीला गाठी मारून. दोघांचं माप जुळलं की बाबा म्हणत, "बरोबर हाय तुहं यंत्र." दसऱ्याआधीच्या रविवारी ते इंजिन चालू झालं. उरला ब्लोअर.

मिलचा जुना, छोटा ब्लोअर अडगळीत पडला होता. मी तो उघडला, बेअरिंग आणि सील बदलले, त्यात दिवाळी सरली. पण मी सोमवार ते शुक्रवार भंडाऱ्याला. तो गाडीवर चढवायचं काम आठवड्यात बाबांनाच करायचं होतं, म्हणून दोन तोंडांवर खुणा करायच्या होत्या. इंग्रजीत लिहिलं तर बाबांना वाचता आलं नसतं. मी पांढऱ्या रंगाने एका तोंडावर 'आवक' लिहिलं, दुसऱ्यावर 'जावक'. धान मार्केटचे शब्द, तुमसरमध्ये सगळ्यांना समजणारे. आपण शिकलो तरी आपल्या माणसाच्या भाषेत लिहितो, म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

आणि जाताना बाबांना एक ताकीद दिली. बाबांची एक पद्धत आहे. नवीन पंखा किंवा ब्लोअर बसवला की ते तळहातावर मूठभर भुसा घेऊन त्याच्या तोंडाशी धरतात. भुसा आत ओढला गेला की बाहेर उडाला, यावरून हवा कुठून कुठे जाते ते कळतं. मी म्हटलं, "बाबा, हे मिलचं काम नाही. इंजिनजवळ भुसा आणायचा नाही. एक कण आत गेला तर सिलिंडर खराब होईल."

"नाई आनत बाई," ते म्हणाले. आणि खरंच, पुढच्या शनिवारी मी आले तर गाडीभोवतीची जमीन झाडून लख्ख. ब्लोअर इंजिनवर बसलेला, पट्टा ताणलेला, कार्बुरेटर त्याच्या बाहेरच्या तोंडावर, इंजिनकडची बाजू रबरी नळीत नीट झाकलेली. मी बोल्ट तपासले, सगळे घट्ट होते.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पकडलं नाही. कार्बुरेटरने फुस्स करून पेट्रोलचा फवारा बाबांच्या बनियनवर मारला. पुन्हा सेल्फ, पुन्हा फवारा.

पटांगणावर मागच्या हंगामातलं उकडलेलं धान वाळवणाऱ्या बायका पायाने धान फिरवता फिरवता थांबल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "गाडीले सर्दी झाली वो बाई. काढा पाज तिले."

शनिवार सगळा गेला. मी प्लग बदलले, टायमिंग दोनदा लावलं, कार्बुरेटर उघडून धुतला. रविवारी सकाळी शेठ चहा घेऊन येऊन उभे राहिले. सोमवारी धानाचे ट्रॅक्टर लागणार होते आणि भंगारवाल्याला त्यांनी सकाळचं सांगून ठेवलं होतं. "अजून दिवस हाय," ते म्हणाले. मला ते चिडवणं वाटलं, पण ते तिथून हललेही नाहीत.

मी पाना खाली टाकला आणि हळू आवाजात म्हटलं, "बाबा, ब्लोअर काढून टाकू. नुसत्या इंजिनवर चालते ना. शेठला म्हणू, घ्या, चालू झाली."

"तू तसं बोलली होती का?"

"नाही."

"मंग नाई काढायचा."

"मग काही सांगा तरी. कालपासून चूप बसून राहिले तुम्ही."

"मी काय सांगू? तू इंजिनिअर."

"टोमणे मारू नका."

"टोमना नाई मारत. गाडी शिंकून राहिली." त्यांनी ओला बनियन दाखवला. "घेनारं तोंड शिंकत नाई, बाई. देनारं शिंकते."

मी त्या कार्बुरेटरकडे पाहिलं. दोन दिवस मी इंजिनची सगळी पुस्तकं डोक्यात उलटीपालटी केली होती आणि हवा कुठल्या बाजूला चालली आहे एवढंच पाहिलं नव्हतं.

"बाबा, थोडा भुसा आणा."

"तूनंच मना केलं होतं."

"मीच म्हणते, आणा."

त्यांनी आधी कार्बुरेटरच्या तोंडावर मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा बांधला, म्हणजे भुसा आत ओढला गेलाच तर अडावा. मग तळहातावर भुसा घेऊन समोर धरला. मी सेल्फ मारला. भुसा आत जायला हवा होता. तो उडाला, आणि बराचसा शेठच्या चहात पडला.

बायका इतक्या हसल्या की दोघी जणी धानातच बसल्या. शेठने कपात बोट घालून भुसा काढला आणि विचारलं, "याचा अर्थ काय समजायचा?"

"ब्लोअर उलटा बसला," मी म्हणाले. "बाबा, आवक कुठे ठेवली?"

"इंजनकडे. तूनंच लिहिलं न. आवक म्हंजे जिथं माल येते ते. हवा कुठी येते? इंजनमंदी. म्हनून आवक इंजनकडे."

"बाबा, ती ब्लोअरची आवक होती. हवा ब्लोअरमध्ये शिरते ती बाजू."

"ब्लोअरची असं लिहिलं होतं का?"

नव्हतं लिहिलं. मार्केटमध्ये आवक म्हटलं की कोणाची, हे कुणी विचारत नाही. आवक मार्केटचीच असते. बाबांच्या डोक्यात इंजिन हे मार्केट होतं आणि माझ्या डोक्यात ब्लोअर. त्यामुळे तो ब्लोअर दोन दिवस इमाने इतबारे इंजिनातली हवा ओढून बाहेर फेकत होता. बाबांचं काहीही चुकलं नव्हतं. भुशाची परीक्षा मी बंद केली नसती तर त्यांनी बसवला त्याच दिवशी पकडलं असतं. हे मी तेव्हाच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगितलं. मला माझ्या डिग्रीचा अभिमान आहे, पण चूक कबूल करायला मी लाजत नाही.

"पहिले ब्लोअरचं ऑइल काढ," बाबा एवढंच म्हणाले, आणि कामाला लागले.

चार बोल्ट, एक पट्टा, दोन नळ्या. ब्लोअर सोडवून उलथा केला, तशी खालच्या अंगाला दडलेली माझी अक्षरं वर आली, आवक बाहेर, जावक इंजिनकडे, पुन्हा ऑइल भरलं. उन्हं उतरायला लागली तेव्हा मी सेल्फ मारला. इंजिनने लगेच पकडलं. आणि त्याच्या आवाजावर दुसरा एक आवाज चढला, बारीक, लांबवर हूं करणारा. तो ऐकून सवयीने चारपाच बायकांनी मान वळवून मिलकडे पाहिलं. मिल रविवारची बंद होती.

पटांगणाच्या कडेने बायकांनी धान ओढून गाडीपुरती वाट केली. मावशी वाकून आत बघत म्हणाली, "दोनच सीटा. नवरा बसवशीन का सासू?"

"पहिले बाबा बसन."

बाबांनी चपला बाहेर काढल्या आणि आत बसले. मी क्लच सोडला. पहिल्या कोपऱ्यापर्यंत हळू नेली, मग लांब बाजू आली तेव्हा पाय दाबला. गाडी अशी पुढे गेली की बाबांचं डोकं मागे आपटलं. मी हसत होते, ओरडत होते, काय ते आठवत नाही. बाबा मान तिरपी करून ऐकत होते.

"पट्टा ढिला हाय," ते म्हणाले. "ऐकू येऊन राहिलं का?"

मला येत नव्हतं. थांबून पाहिलं तर खरंच ढिला होता.

शेठने दुसरा चहा मागवला होता. "घेऊन जाय," ते म्हणाले. "ब्लोअर बी ठेव. कोंड्याचा वास तं काही जानार नाई त्याचा."

अशी गाडी रस्त्यावर काढायची तर आरटीओची परवानगी लागते, आणि तिचे कागद अजून फिरत आहेत. तोवर ती आमच्या घरामागच्या टिनाखाली असते, आणि धान नसतं तेव्हा शेठ पटांगणावर येऊ देतात. बोनेट उघडलं की माझं पांढरं 'आवक' आता समोरच दिसतं. त्याच संध्याकाळी पट्टा ताणून झाल्यावर बाबांनी माझा ब्रश मागून घेतला होता. त्या शब्दाच्या आधी जागा नव्हती, म्हणून त्यांनी खाली, चौथीतल्या मोठ्या अक्षरात लिहिलं: ब्लोअरची.