सर्दी गेली की ये

आज सकाळी माझी चार वर्षांची नात सई आजोबांच्या खोलीच्या दाराशी उभी होती, फ्रॉकची बाही नाकाला लावून. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. ही सवय तिला आम्हीच लावली.

ह्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मला वाटलं, मशीन रक्त स्वच्छ करून देतंय, म्हणजे आता काळजी नाही. डॉक्टर म्हणाले, "रक्त गाळून मिळतं हो काकू, पण रोगाशी लढायची ताकद काही पूर्वीसारखी होत नाही. त्यात दर वेळी सुया टोचायच्या, म्हणजे जंतूंना दार उघडंच. घरात कुणाला सर्दी असेल तर लांब ठेवा."

आता लहान मुलांना सर्दी कधी नसते? आजोबांच्या ताटातला उष्टा घास हक्कानं खाणारी पोर दारातूनच विचारायची, "येऊ का आत?" आणि हे मास्कमधून म्हणायचे, "सर्दी गेली की ये हं, राणी." पाणी बेतानं, फळं बेतानं, आणि मग नातीची मिठीसुद्धा बेतानं. कसलं हे जगवणं!

एवढं जपूनही न्यूमोनियानं गाठलंच. महिना झाला ह्यांना जाऊन.

सईनं बाही खाली केली आणि जोरात श्वास ओढून दाखवला. "आजी, बघ, गेली सर्दी. आता येऊ का आत?"

"ये," मी म्हटलं. तिच्या सर्दीपासून जपावं असं त्या खोलीत आता कुणी नव्हतं.