सिडनीची ऑडिशन आणि आजोबांच्या वहीतला एक स्वर

‘ऑडिशनसाठी प्रत्यक्ष सिडनीला या’ असा कॉन्झर्व्हेटोरियमचा, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाचा, मेल आला, तेव्हा मी तो चार वेळा वाचला. दुसऱ्या कुणाचा चुकून मला आला नसेल ना? पप्पा म्हणाले, “वर नाव तुझंच आहे ना? मग बॅग भर.”

व्हायोलिन मला पप्पांनीच शिकवलं आणि पप्पांना आजोबांनी. वसईतल्या आमच्या ओटीवर शनिवारी पप्पा गावातल्या मुलांना शिकवतात, आणि रविवारी आम्ही सगळे मिळून चर्चमध्ये मिस्साला वाजवतो. थोडक्यात, घराबाहेरच्या कुणी माझी चूक काढण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. मला भीती होती ती त्याचीच.

व्हायोलिन घेऊन जाणाऱ्यांसाठी सूचना: केबिनमध्ये नेता येईल का, हे विमान कंपनीला आधीच विचारा आणि उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. माझी प्रिंट कुणीच मागितली नाही. मी तरीही मुंबईत आणि सिंगापूरला, दोन्हीकडे दाखवली.

ऑस्ट्रेलियात उतरताना मिळणाऱ्या फॉर्मवर लाकूड, प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू, फळं असं सगळं विचारतात. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, घोड्याच्या केसांचा, म्हणून मी तिथे खूण केली. अधिकाऱ्याने व्हायोलिन पाहून हसत परत दिलं. मग मी मम्मीने दिलेली सुकेळी बाहेर काढली. वसईची उन्हात वाळवलेली केळी, घरची. ती मात्र त्याने ठेवून घेतली.

न्यायला लीना मावशी आली होती, तिची बारा वर्षांची रिया मागच्या सीटवर.

“अगं, पाच वर्षांनी सुकेळी येत होती!” मावशी स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाली. “सांगितलंस कशाला?”

“फॉर्मवर विचारलं होतं.”

“बापावर गेलीयेस अगदी.”

“मम, दे वूड हॅव फाइन्ड हर!” रिया म्हणाली. लपवलं असतं तर दंड झाला असता. माझी एक वकील तरी होती.

मावशीचं घर सिडनीच्या केलीव्हिल या उपनगरात. रुंद, शांत रस्ते, आणि सकाळी कुंपणावर बसून भांडणारे मोठे पांढरे कॉकटू पोपट. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी खिडक्या लावून वाजवायचे. पक्ष्यांपुढे मी किती हळू वाजवतेय हे मावशीने दाखवून दिल्यावर खिडक्या उघडल्या.

तिसऱ्या दिवशी हेलनकडे गेलो. या साठीच्या बाई ऑडिशनला माझ्याबरोबर पियानो वाजवणार होत्या. मी निवडलेला संगीताचा तुकडा फारसा कुणी वाजवत नाही असा, संथ. आजोबांनी तो एका फादरांच्या पुस्तकातून हाताने वहीत उतरवला होता, आणि त्याच पानाची झेरॉक्स माझ्यापुढे होती. आठव्या ओळीत हेलन थांबल्या.

“एफ शार्प, डार्लिंग.”

त्यांच्या छापील प्रतीत तिथे शार्पचं चिन्ह होतं, म्हणजे स्वर थोडा वर. आमच्या पानावर ते नव्हतं. उतरवताना आजोबांकडून राहून गेलं असणार. पप्पा ते तसंच शिकले, मीही, आणि ओटीवरची सगळी मुलंही. गंमत म्हणजे माझ्या कानाला आमचाच स्वर खरा वाटत होता आणि छापील खोटा.

ऑडिशन परवा. संध्याकाळी पप्पांचा फोन आला. “सराव झाला?”

“झाला,” एवढंच मी म्हणाले. खोटं नव्हतं. फोनवर हे कसं सांगायचं?

मला सुधारायची जबाबदारी रियाने घेतली. मी जुना स्वर वाजवला की ती सोफ्यावरून टीव्हीवरच्या स्पर्धेत उत्तर चुकल्यावर वाजतो तसा आवाज काढायची: “एंऽऽह!” दोन दिवस घरात तेवढंच चाललं होतं.

ऑडिशनला मी केलीव्हिलहून मेट्रोने गेले. इथे वेगळं तिकीट लागत नाही, बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं. कॉरिडॉरमध्ये नृत्याच्या परीक्षेसाठी आलेली एक मुलगी भिंतीला पाय टेकवून सरळ वर ताणत केळं खात होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, “नो वरीज, दे डोन्ट बाइट.”

आत तीन परीक्षक. ती ओळ तुकड्यात दोनदा येते. पहिल्यांदा शार्प नीट लागला. मला इतका आनंद झाला, की त्या आनंदातच दुसऱ्या वेळी बोट जुन्या जागी गेलं. खाली हेलनचा पियानो बरोबर होता, त्यामुळे माझी चूक खणखणीत ऐकू आली.

संपल्यावर वाकून निघायचं होतं. मी तिथेच उभी राहून म्हणाले, “दुसऱ्या वेळी मी चुकीचा स्वर वाजवला.”

“ऐकला आम्ही,” मधल्या बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा बरोबर आणि मग चूक, असं कसं?”

मी वहीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, कौतुकही केलं नाही. म्हणाल्या, “तिथून परत वाजव.” वाजवलं. बरोबर आलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर हेलन म्हणाल्या, “स्वतःची तक्रार स्वतः करणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली.” बंदराच्या काठावर त्यांनी फिश अँड चिप्स खाऊ घातले. तिथे जपून खा, माझे अर्धे सीगल पक्ष्यांनी नेले.

वसईला घरी परतल्यावर पप्पांच्या “कसं झालं?”ला उत्तर म्हणून मी वहीशेजारी छापील प्रत ठेवली. त्यांनी चष्मा लावला. एकदा वाजवलं, पुन्हा वाजवलं.

“कानाला बरं नाही लागत.”

“मलाही नव्हतं लागत. पियानोबरोबर लागतं.”

त्यांनी चष्मा काढून व्हायोलिन पेटीत ठेवलं. मला वाटलं, हे मी आणायलाच नको होतं.

शनिवारी ओटीवर मुलं बसली, तेव्हा पप्पा उभे राहिले. “आठवी ओळ मी तुम्हाला चुकीची शिकवली. मलाच चुकीची येत होती. पेन्सिली काढा.”

पुढे बसलेली सात वर्षांची ॲना म्हणाली, “सर, मग बाकीची पानंपण चुकलीत?”

“तपासावी लागतील. बस माझ्याशेजारी.”

सगळ्यात शेवटी त्यांनी आजोबांच्या वहीत, शाईच्या त्या स्वरापुढे, पेन्सिलने बारीक शार्प काढला.

हे लिहितेय तोवर निकाल आला आहे: प्रवेश मिळाला, फेब्रुवारीत जायचं. मेल चार वेळा वाचला. या वेळी सुकेळी नेणार नाही. पप्पा रोज संध्याकाळी ती ओळ घोटतात, आणि त्यांचं बोट अजून जुन्या जागी जातं. तसं झालं की मी स्वयंपाकघरातून “एंऽऽह!” करते, आणि पप्पा पहिल्यापासून सुरू करतात.