बठ्ठा-कापूस

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एरंडोलजवळच्या गावातून धुळ्याला कॉम्प्युटर शिकायला आले. कोबोल भाषेतला माझा पहिला प्रोग्रॅम कापसाच्या वजनांची बेरीज करायचा. त्या बेरजेला मी घरच्या अहिराणी बोलीतलं नाव दिलं होतं, ‘बठ्ठा-कापूस’, म्हणजे सगळा कापूस. अक्षरं तेवढी इंग्रजी.

पुढे क्लासच्या मॅडमनी तोच प्रोग्रॅम सी भाषेत लिहायला सांगितला. मी नाव जसंच्या तसं उतरवलं आणि मशीन अडून बसलं.

मॅडम हसल्या. "अगं, सीमध्ये ही मधली रेघ म्हणजे वजाबाकी. बठ्ठामधून कापूस वजा करायला निघालंय ते. रेघ खाली घे."

मी रेघ खाली घेतली. पडद्यावर तीच बेरीज उमटली.

"मॅडम, याला अहिराणी चालते?"

"नाव तू ठेवायचं. तू ठेवशील ते चालतं."

शाळेत ‘बठ्ठा’ म्हटलं की "शुद्ध बोल" ऐकावं लागायचं, आणि इथे दोन परक्या भाषांनी तो शब्द निमूट घेतला होता.

रविवारी घरी सांगितलं, तर आई धान्य निवडणं थांबवून म्हणाली, "आपली बोली त्याले समजस?"

त्याला समजत काहीच नाही, पण ते ‘शुद्ध बोल’ही म्हणत नाही, असं मी तिला सांगितलं.